भेकाचा पिंजरा

जून 1935. ऑस्ट्रेलियाच्या क्वीन्सलँड प्रांतातल्या गॉर्डनव्हेल या ऊसपट्ट्यातल्या गावाजवळ मेरिंगा प्रयोग केंद्र आहे. तिथे हवाई बेटांवरून प्रवास करून आलेल्या पेट्या उघडल्या गेल्या. आत शंभरेक जिवंत भेक होते. अंगावर चामखिळींसारखे फोड, कानामागे फुगीर ग्रंथी, तळहाताएवढी काया. त्यांना आणणारे रेजिनाल्ड मंगोमेरी हे सरकारी कीटकशास्त्रज्ञ खास या कामासाठी हवाईला गेले होते. केंद्रात भेकांसाठी तळे बांधून ठेवले होते. भेकांनी अंडी घातली, पिल्ले झाली आणि ऑगस्टमध्ये सुमारे 2,400 पिल्ले गॉर्डनव्हेल, केर्न्स आणि इनिसफेलच्या उसाच्या शेतांत सोडली गेली. ऑस्ट्रेलियाच्या जमिनीवर भेकाच्या कुळातला एकही प्राणी तोवर नव्हता. बेडकांच्या जाती भरपूर होत्या, भेक मात्र नव्हता.

हे करण्यामागे कारण होते आणि ते कोल्हापूर-सांगलीच्या शेतकऱ्याला लगेच कळेल. क्वीन्सलँडचा ऊस हुमणीने खाल्ला जात होता. तिथली हुमणी म्हणजे पांढुरक्या पाठीच्या एका भुंगेऱ्याची अळी. पावसाळ्याच्या तोंडावर भुंगेरे जमिनीतून वर येतात, अंजिराच्या कुळातल्या झाडांवर आणि निलगिरीवर जाऊन पाने खातात, जुळतात आणि मग मादी उसाच्या फडात येऊन मातीत खोल अंडी घालते. अळ्या मुळे कुरतडतात. वरून हिरवागार दिसणारा ऊस एक दिवस मुळासकट आडवा होतो. शेतकऱ्यांनी जमिनीत विषारी धूर सोडून पाहिला, आर्सेनिक टाकले, भुंगेरे वेचून आणणाऱ्यांना वजनावर पैसे दिले. काहीच पुरे पडेना.

अशा वेळी 1932 साली पोर्टो रिकोत जगभरच्या ऊसतज्ज्ञांची परिषद भरली. तिथे राकेल डेक्स्टर या संशोधिकेने केन टोड नावाच्या दक्षिण अमेरिकी भेकाच्या पोटात काय काय सापडते याचा अभ्यास मांडला. भेक उसाची कीड खातो हे त्यातून दिसत होते. पोर्टो रिकोत कीड कमीही झाली होती. त्या वर्षांत तिथे पाऊस भरपूर झाला होता आणि कीड घटण्यात त्याचाही हात असणार, पण हा हिशेब तेव्हा कोणी मांडला नाही. हवाईच्या साखर मळेवाल्यांचे कीटकशास्त्रज्ञ सिरिल पेम्बर्टन परिषदेहून परतताना 148 भेक घेऊन गेले. हवाईतून ते तीन वर्षांनी ऑस्ट्रेलियात आले.

क्वीन्सलँडच्या लोकांचा या मार्गावर विश्वास बसायला आणखी एक सबळ कारण होते. फड्या निवडुंगाने त्यांची लाखो एकर जमीन व्यापली होती. 1926 पासून अर्जेंटिनातून आणलेल्या एका पतंगाच्या अळ्या सोडल्या गेल्या आणि थोड्याच वर्षांत निवडुंगाची जंगले कुजून खाली बसली. लोक इतके कृतज्ञ होते की बूनार्गा या खेड्यात त्या पतंगाच्या नावाने सभागृह बांधले गेले. एका परदेशी जिवाने देश वाचवला, तर दुसराही वाचवील, असे वाटणे साहजिक होते. फरक इतकाच की तो पतंग सोडण्यापूर्वी निवडुंगाखेरीज तो आणखी काय खातो याची कसून तपासणी झाली होती. भेकाची तशी तपासणी झाली नाही.

एका माणसाने धोक्याची सूचना दिली. वॉल्टर फ्रॉगॅट हे न्यू साउथ वेल्सचे निवृत्त कीटकशास्त्रज्ञ, वय पंचाहत्तरीच्या पुढे. त्यांनी लिहिले, बोलले, मागे लागले: हा भेक काहीही खातो, त्याला इथे शत्रू नाही, सशांनी केले तेच हा करील. 1859 मध्ये शिकारीच्या हौसेपायी सोडलेल्या सशांनी देशाचे काय केले हे घरोघरी माहीत होते. फ्रॉगॅटच्या आग्रहामुळे केंद्र सरकारने आणखी भेक सोडण्यावर बंदी आणली. ती टिकली नाही. ऊस उत्पादकांचा आणि क्वीन्सलँड सरकारचा दबाव आला आणि 1936 मध्ये पंतप्रधान लायन्स यांच्या कारकिर्दीत ती उठली. मार्च 1937 पर्यंत सुमारे 62,000 पिल्ले शेतांत सोडली गेली होती. फ्रॉगॅट त्याच वर्षी वारले.

मग भेकाने भुंगेरे खाल्ले का? अगदी थोडे. भुंगेरा झाडाच्या शेंड्याला आणि अळी जमिनीखाली. भेक जमिनीवर बसलेला, त्याला उडी फारशी जमत नाही आणि झाडावर चढता येत नाही. शिवाय नव्या लागणीच्या उघड्या फडात दिवसा लपायला सावली नव्हती, म्हणून तो तिथून निघून ओढ्याकाठी, घरांच्या अंगणात, दिव्याखाली गेला. आपल्याकडे हुमणीचे भुंगेरे वळवाच्या पावसानंतर कडुनिंब-बाभळीवर जमतात, म्हणून शेतकरी संध्याकाळी फांद्या हलवून ते गोळा करतात. भुंगेरा कुठे बसतो आणि कधी बसतो हे ज्याने पाहिले आहे, तो त्याच्यावर जमिनीवरचा राखणदार नेमणार नाही. मेरिंगात तर या भुंगेऱ्यांचा अभ्यास कित्येक वर्षे चाललेला होता. माहिती होती, पण ती भेकाच्या माहितीशेजारी ठेवून कोणी पाहिली नाही. मला या सगळ्या कथेत सर्वांत जास्त हेच खुपते. दुसऱ्या महायुद्धानंतर नव्या कीटकनाशकांनी हुमणी आटोक्यात आली आणि भेकाचे काम कायमचे संपले. भेक मात्र राहिला.

तो पसरला. एक मादी एका वेळी आठ हजारांपासून तीस-पस्तीस हजारांपर्यंत अंडी घालते. 1980च्या दशकाच्या मध्यावर भेक क्वीन्सलँड ओलांडून नॉर्दर्न टेरिटरीत शिरले, 2001 मध्ये काकाडू या जगप्रसिद्ध राष्ट्रीय उद्यानात पोचले, त्यानंतर काही वर्षांत डार्विन शहरात, आणि 2009 मध्ये त्यांनी पश्चिम ऑस्ट्रेलियाची हद्द ओलांडली. सुरुवातीला त्यांची आघाडी वर्षाला दहाएक किलोमीटर सरकत असे. पुढे ती पन्नास किलोमीटरच्या आसपास गेली. सिडनी विद्यापीठाच्या रिक शाइन यांच्या गटाने डार्विनजवळ फॉग डॅम इथे ठाण मांडून भेक मोजले, तेव्हा कळले की आघाडीवरच्या भेकांचे पाय मागे राहिलेल्यांपेक्षा लांब आहेत. जो लांब ढांगा टाकतो तोच पुढे पोचतो, पुढे पोचलेले एकमेकांशी जुळतात आणि पिढी दर पिढी आघाडी अधिक वेगवान होते. 2006 मध्ये हे प्रसिद्ध झाले. सत्तर वर्षांत माणसाच्या एका निर्णयाने एका प्राण्याचे शरीर बदलले होते.

आणि तो जिथे गेला तिथे खाणारे मेले. भेकाच्या खांद्यावरच्या ग्रंथींतले दुधी विष हृदय बंद पाडते. अंडी आणि बेडूकमासेही विषारी. आशिया-आफ्रिकेतल्या घोरपडींच्या शरीरात या विषाला तोंड देणारा बदल आहे, कारण भेक त्यांच्या शेजारी लाखो वर्षे राहत आले. ऑस्ट्रेलियातल्या त्यांच्या भाईबंदांकडे, म्हणजे गोआनांकडे, तो नाही. पिवळ्या ठिपक्यांच्या गोआना कित्येक ठिकाणी दहांतल्या नऊ नाहीशा झाल्या. क्वॉल नावाचा, मांजराहून लहान, ठिपक्यांचा शिकारी पिशवीवाला प्राणी काकाडूच्या मोठ्या भागातून दिसेनासा झाला. गोड्या पाण्यातल्या मगरी नद्यांच्या काठी मरून पडल्या. गोआना हे तिथल्या आदिवासींचे पिढ्यान्पिढ्यांचे अन्न. शिकारीला जाणाऱ्या बायका रिकाम्या हाती परत येऊ लागल्या. हे नुकसान नुसत्या यादीत मावणारे नाही.

लोक चिडले. क्वीन्सलँडमध्ये रस्त्यावर गाडी मुद्दाम वळवून भेक चिरडायची पद्धतच पडून गेली होती. 2005 मध्ये भेक डार्विनच्या वेशीवर असताना तिथल्या एका खासदाराने लोकांना क्रिकेटच्या बॅटी आणि गोल्फच्या काठ्या घेऊन बाहेर पडायला सांगितले. प्राणी-क्रूरता प्रतिबंधक संस्थेने त्याला कडाडून विरोध केला. मला तो विरोध पूर्णपणे पटतो. भेक स्वतःहून समुद्र ओलांडून आला नव्हता. त्याला पेटीत घालून आणले होते. त्याला इथून काढायचे असेल तर काढावे, पण बॅटीने अर्धमेला करून टाकणे ही शिक्षा कोणत्या गुन्ह्याची? मारणाऱ्या पोरांच्या हाताला जी सवय लागते तिचा विचार वेगळाच. शिवाय अंधारात बॅट घेऊन धावणाऱ्याला स्थानिक बेडूक आणि भेक यांतला फरक दिसत नाही. कित्येक निरुपद्रवी बेडूक असेच गेले.

पिंजऱ्याची गरज इथून निर्माण झाली. आणि पिंजरा करायचा म्हटल्यावर, 1935 मध्ये जे राहून गेले होते ते करणे भाग पडले: भेकाकडे नीट पाहणे.

तो रात्री फिरतो. दिव्याखाली येतो, कारण दिव्याखाली किडे पडतात. समोर हलणारे काहीही तोंडात घालतो आणि कुत्र्याच्या ताटलीतले खाणेही सोडत नाही. डार्विनमध्ये फ्रॉगवॉच नावाचा स्वयंसेवकांचा गट होता, त्याचे समन्वयक ग्रॅम सॉयर पुढे शहराचे महापौर झाले. या मंडळींनी आणि इतर हौशी कारागिरांनी पिंजरे करून करून पाहिले. नॉर्दर्न टेरिटरीच्या सरकारने तर सापळ्यासाठी स्पर्धाच ठेवली. त्यातून जो नमुना रुळला तो दिसायला अगदी साधा आहे. बसकी तारेची पेटी, बाजूंना झडपांची दारे. झडप पारदर्शक प्लॅस्टिकची, वरून टांगलेली, फक्त आतल्या बाजूला उघडणारी. भेक डोके लावून आत शिरतो, झडप मागे पडते आणि बाहेर यायला तिला ओढावे लागते, जे त्याला जमत नाही. पेटीवर दिवा. नाचघरांत वापरतात तसा जांभळट अतिनील प्रकाश किड्यांना जास्त खेचतो, असे प्रयोगांत दिसले. दिव्यासाठी सौरपट्टी आणि बॅटरी, म्हणजे वीज नसलेल्या पाणवठ्यावरही पिंजरा ठेवता येतो.

या पिंजऱ्यातला दयेचा भाग दिव्यात किंवा झडपेत नाही. तो पेटीवरच्या सावलीत आणि आतल्या पाण्याच्या ताटलीत आहे. भेकाची कातडी ओलावा धरून ठेवत नाही. उत्तर ऑस्ट्रेलियाच्या उन्हात तारेच्या पेटीत अडकलेला भेक दुपारपर्यंत तडफडून मरतो. म्हणून पिंजरा सावलीत ठेवायचा, आत पाणी ठेवायचे आणि रोज सकाळी तपासायचाच. ज्याला रोज येणे जमणार नाही त्याने पिंजरा लावू नये. तपासताना चुकून शिरलेला बेडूक, सरडा किंवा साप जिवंत सोडून द्यायचा. सापळा लावणारा इतका रोजचा बांधला जातो म्हणूनच हे काम शाळा, बागा आणि गावकऱ्यांच्या गटांच्या हातात चांगले चालले.

दिव्याला येणारे भेक बहुतेक भुकेले असतात. पण पकडायला खरी महत्त्वाची आहे ती अंड्यांनी भरलेली मादी, कारण एक अशी मादी पकडली तर हजारो पिल्ले पकडल्यासारखे आहे. टाउन्सव्हिलच्या जेम्स कुक विद्यापीठात लिन श्वार्झकॉफ आणि रॉस अल्फर्ड यांनी याचा माग काढला. नर भेक रात्री पाण्याकाठी बसून दुरून ट्रॅक्टर धडधडावा तसा सलग आवाज काढतो. तो आवाज ध्वनिमुद्रित करून पिंजऱ्यात लावला तर सापडणाऱ्या भेकांची संख्या वाढते, असे त्यांनी 2007 मध्ये दाखवून दिले. पुढच्या वर्षांत त्यांच्या गटाने आवाजच घडवले. स्वर खाली आणला, ठोके जलद केले. खालचा स्वर म्हणजे मोठ्या देहाचा नर, जलद ठोके म्हणजे दमदार नर. अंड्यांनी भरलेल्या माद्या अशा आवाजाकडे अधिक वळतात. आवाजाने बोलावण्याचा आणखी एक फायदा असा की स्थानिक बेडकांना या हाकेशी काही देणेघेणे नाही, त्यामुळे चुकीचा प्राणी कमी अडकतो.

त्याहून हुशारीचा सापळा पाण्यातला आहे. रिक शाइन यांच्या गटातल्या मायकल क्रॉसलँड यांनी पाहिले की भेकाचे बेडूकमासे स्वतःच्याच जातीची नवी घातलेली अंडी शोधून खातात. एका डबक्यात अन्न थोडे; पाठोपाठ येणारी पिल्ले म्हणजे स्पर्धक. अंडी सापडतात ती वासावरून आणि तो वास अंड्यांतल्या विषाचाच असतो. क्वीन्सलँड विद्यापीठाचे रसायनशास्त्रज्ञ रॉबर्ट केपन यांच्या मदतीने त्यांनी मोठ्या भेकाच्या खांद्यावरच्या ग्रंथींतून हे आमिष बनवले. नरसाळ्याच्या तोंडाच्या डब्यात ते ठेवून डबा पाण्यात सोडला की भेकाचे बेडूकमासे हजारांनी आत शिरतात. स्थानिक बेडकांचे बेडूकमासे त्या वासापासून दूरच राहतात. 2012 मध्ये हे काम प्रसिद्ध झाले आणि आता या आमिषाच्या गोळ्या लोकांना मिळतात. ज्या विषाने गोआना मेल्या, तेच विष भेकाच्या पुढच्या पिढीला पाण्यातून वर काढते. या संपूर्ण इतिहासात मला सर्वांत आवडणारा शोध हा.

पकडल्यावर काय, हा प्रश्न उरतोच. पिंजरा दयाळू आणि शेवट क्रूर, असे चालणार नाही. लोक घरगुती जंतुनाशक फवारत, ते वेदनादायक म्हणून निषिद्ध ठरले. काही गट पिशवीत कार्बन डायॉक्साइड सोडत. गोठवून मारणे कित्येक वर्षे क्रूर मानले गेले, कारण जिवंत असताना पेशींत बर्फाचे स्फटिक होऊन वेदना होत असतील अशी शंका होती. शाइन यांच्या गटाने भेकांच्या मेंदूतली हालचाल मोजून 2015 मध्ये दाखवले की आधी काही तास फ्रिजमध्ये थंड करून मग डीप फ्रीजमध्ये ठेवले तर मेंदू शांतपणे विझत जातो आणि वेदनेची खूण उमटत नाही. भेक थंड रक्ताचा, त्याच्या मूळ आयुष्यातही थंडीबरोबर गुंगी येतेच. आधी फ्रिज, मग फ्रीजर, हा क्रम मात्र चुकवायचा नाही.

तरी पिंजऱ्याने देश मोकळा होणार नाही. भेकांची संख्या वीस कोटींच्या पुढे असल्याचा अंदाज सांगितला जातो. एका तळ्यातले सगळे मोठे भेक काढले तर उरलेल्या पिल्लांना अन्न जास्त मिळते आणि जागा भरून निघते. म्हणून शास्त्रज्ञांनी दुसऱ्या बाजूनेही काम केले: भेक येण्याआधीच क्वॉल आणि गोआना यांना शिकवणे. मळमळ आणणारे औषध घातलेले भेकाच्या मांसाचे तुकडे किंवा अगदी लहान, कमी विषाचे भेक आधी खायला मिळाले की ते प्राणी मोठ्या भेकाला तोंड लावत नाहीत. पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या उत्तरेकडच्या किंबर्ली प्रदेशात आदिवासी वनरक्षकांसोबत मगरींवरही हा उपाय यशस्वी झाला. जिथे भेक लवकरच पोचणार आहेत तिथे हा शहाणपणा अधिक उपयोगाचा आहे, आणि पिंजरा उपयोगाचा आहे तो कडेला: बेटांवर, एखाद्या गावाच्या तळ्यांवर, जिथे अजून भेक नाही त्या वेशीवर.

अशी वेस आपल्या एका ओळखीच्या जिवाबाबतही उभी आहे, हे इथे सांगितले पाहिजे. आपल्या अंगणात पावसाळ्यात दिसणारा भेक ज्या जातीचा, त्याच जातीचे भेक 2014 मध्ये मादागास्करच्या तोआमासिना बंदराजवळ आढळले. ते आग्नेय आशियातून, बहुधा मालाबरोबर पोचले. मादागास्करलाही मूळचे भेक नाहीत, आणि तिथल्या खाणाऱ्यांनाही या विषाची ओळख नाही.

ऑस्ट्रेलियापुढची वेस किंबर्ली आणि त्याच्या दक्षिणेकडचा पिलबारा प्रदेश यांच्यामध्ये आहे. तिथे समुद्र आणि वाळवंट यांच्यामधली किनाऱ्याची एक अरुंद पट्टी कोरडी आहे. भेकाला ती ओलांडायची तर गुरांसाठी केलेल्या पाणवठ्यांवर थांबत थांबत जावे लागते. माईक लेट्निक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा मातीच्या तळ्यांभोवती कुंपण घालून पाहिले. भेक पाण्यापर्यंत पोचू शकले नाहीत आणि तिथली संख्या कोसळली. पट्टीतली तळी बुजवून त्या जागी बंद टाक्या बसवल्या तर पिलबारा वाचू शकतो, असा प्रस्ताव 2013 मध्ये मांडला गेला. त्याबाबत माझा एकच आग्रह आहे. कुंपणाबाहेर तहानेने मरणारा भेक हेही दयेचे मरण नाही, म्हणून प्रत्येक कुंपणाला सावली-पाण्याचा पिंजरा जोडलेला असावा आणि तो रोज पाहायला माणूस नेमलेला असावा. 1935 मध्ये पाहणी न करता वाचवलेले पैसे आता इथे खर्च करायला हवेत आणि ते भेकाची आघाडी त्या पट्टीत शिरण्यापूर्वी खर्च करायला हवेत.